बालाघाटचं आरमार

शिडाच्या होडीला दोनच गोष्टी लागतात, वारा आणि पाणी. त्यातली पहिली आमच्या बीड जिल्ह्यात मुबलक आहे. मांजरसुंब्याच्या माथ्यावर उभं राहिलं की एका हातानं टोपी धरूनच बोलावं लागतं. बालाघाटच्या पठारावर जिकडं बघावं तिकडं पवनचक्क्या गरगरत असतात. दुसरी गोष्ट वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडते. म्हणजे पडली तर. आणि पडली की अशी पडते, की वर्षभराचा हिशेब आठवड्यात चुकता करून निघून जाते. सरकारी भाषेत सांगायचं तर प्रकल्पाचं पन्नास टक्के काम पूर्ण असून उर्वरित काम प्रगतिपथावर आहे. रखडण्याचं आम्हाला नवल नाही. बीडला रेल्वे येणार, येणार, हे ऐकत माझे वडील गेले, मी नोकरीला लागलो, निवृत्त झालो, आणि १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरची गाडी खरोखरच स्टेशनात येऊन उभी राहिली. या वेगानं समुद्र यायला किती काळ लागेल, याचा हिशेब मी मनातल्या मनात करून ठेवला होता.

पण समुद्राच्या आधी जावई आले.

धाकटीनं स्वतःच ठरवलेलं लग्न. मुलगा पुण्यात नोकरीला, गाव रेवदंडा. मूळ गाव विचारून झाल्यावर आमच्या थोरल्या वहिनींनी पहिला प्रश्न टाकला होता, "शेती किती?" पोरगा नम्रपणे म्हणाला, "शेती नाही, खाडी आहे." खाडी किती एकर असते, सातबाऱ्यावर कशी लागते, यावर पुढं बराच खल झाला. लग्न झालं. पहिल्या दिवाळीला जावईबापू घसघशीत सुकट घेऊन आले. आमच्या घरात निम्मे माळकरी. ती पिशवी गच्चीवर ठेवली, आणि गल्लीतल्या तमाम मांजरांनी आमच्याकडं चातुर्मास बसवला.

बाकी माणूस सोन्यासारखा. फक्त पाणी दिसलं की त्याच्या डोळ्यांत काहीतरी व्हायचं. शेतातली विहीर दाखवली तर तो काठावर पालथा पडून खोली विचारायचा.

श्रावणात आम्ही सगळे कपिलधारला गेलो. बीडपासून वीसेक किलोमीटर, डोंगराच्या घळीत मन्मथस्वामींची समाधी. ‘परमरहस्य’ लिहिणारे ते मन्मथस्वामी. कार्तिकी पौर्णिमेला इथं कर्नाटक-तेलंगणापासून दिंड्या चालत येतात, पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात मात्र अर्धी गर्दी स्वामींसाठी आणि अर्धी धबधब्यासाठी असते. देवस्थानी आलेल्या माणसाचा धर्म, जात, पक्ष काहीही असो, पाणी उंचावरून पडताना दिसलं की बीडचा माणूस तोंड उघडं टाकून बघत उभा राहतो. फुकट जातंय, हा एक हुंदकाही त्यात असतो.

जावईबापूंनी दर्शन घेतलं, धबधब्याखाली भिजून घेतलं आणि विचारलं, "मामा, हे पाणी पुढं कुठं जातं?"

मी म्हणालो, "बापू, आमच्याकडं पाणी येणार कुठून, हे विचारतात. कुठं जातं, हे विचारायची पाळी अजून आलेली नाही."

ते हसले नाहीत. धारेकडं बघत म्हणाले, "माझ्या आजोबांची एक होडी आहे. शिडाची. खाडीच्या काठाला झापाखाली पडून आहे. वडिलांनी इंजिनाची फायबरची बोट घेतली तेव्हापासून तिला पाणी लागलेलं नाही. तिला पुन्हा पाण्यात उतरवायची आहे."

सगळे गप्प. आमच्या घराण्यात असं काही कुणी बोललं नव्हतं. शेततळं, बोअर, ट्रॅक्टरचे हप्ते, फार तर प्लॉट. सौ.नं हळूच विचारलं, "विकून का नाही टाकत?" वहिनी म्हणाल्या, "चुलीला होईल की." आणि या वाक्यावर जावईबापूंचा चेहरा इतका उतरला की थोरल्या अण्णांना तोंड उघडावं लागलं.

अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. आमचं घराणं सुताराचं. मी मास्तर झालो आणि धंद्यातून सुटलो. अण्णा बैलगाड्या करत राहिले. मग लाकडी चाकं गेली, रबरी टायरच्या लोखंडी गाड्या आल्या, ऊसतोडीलाही त्याच जाऊ लागल्या, आणि अण्णांच्या वाट्याला खाटेचे पाय आणि कुदळीचे दांडे उरले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "लाकूड कोणचं?"

"साग."

"फळ्या उकलल्यात का?"

"बोट जाईल एवढ्या फटी आहेत."

"मग मेली नाही ती," अण्णा म्हणाले. "तहानलीये."

इथं जावईबापूंना जो चेव आला तो मांजरसुंब्याला रबडी खाऊन होईपर्यंत उतरला नाही. त्यांनी एका होडीची गोष्ट सांगितली. मी मागाहून पुस्तकांतून पडताळून पाहिली. मास्तरकीची खोड. गोष्ट खरी निघाली.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक इंग्रज तरुण, व्यापारी जहाजांवरचा अधिकारी. त्यानं साठीच्या दशकात आपल्या मुंबईत एक होडी बांधून घेतली. बत्तीस फुटी, दोन डोलकाठ्यांची, अस्सल सागाची. १९६४ मध्ये तिच्या नाळेवर नारळ फोडून तिला पाण्यात सोडलं आणि नाव ठेवलं ‘सुहाइली’. हे आखाती खलाशांच्या बोलीतलं एका वाऱ्याचं नाव. ती बांधणारे मुंबईचे सुतार वाकसानं फळ्या तासत होते आणि दोरीच्या सामत्यानं भोकं पाडत होते. हे ऐकून अण्णांनी रबडीची वाटी खाली ठेवली. वाकस आणि सामता दोन्ही त्यांच्या पेटीत होते. गेली काही वर्षं त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

ती होडी त्या तरुणानं भावाला आणि एका मित्राला सोबत घेऊन लंडनपर्यंत नेली. पुढं जगाला एकट्यानं, कुठंही न थांबता प्रदक्षिणा घालण्याची शर्यत लागली. १४ जून १९६८ ला तो फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथंच परत आला. नऊ जण उतरले होते, पोचला हा एकटाच. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्यानं शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकले.

"घरच्यांनी सोडला कसा?" वहिनी म्हणाल्या. "डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं ना."

"दाखवलं होतं," जावईबापू म्हणाले. "जायच्या आधी आणि आल्यानंतर, दोन्ही वेळेला. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे."

वहिनींचा त्या डॉक्टरवर विश्वास बसला नाही. आमच्याकडं माणूस दहा महिने कुणाशी न बोलता राहिला तर एक तर त्याला महाराज करतात, नाहीतर गावाबाहेरच्या देवाला नेतात.

पण आमच्या सगळ्यांच्या काळजाला हात घालणारा भाग पुढंच होता. निघून थोडे आठवडे झाले आणि ‘सुहाइली’ गळू लागली. भर अटलांटिकमध्ये तो पठ्ठ्या पाण्यात उतरला, बुडी मारून बघितलं तर पठाणाजवळच्या, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्याजवळच्या, फळ्यांची शिवण उघडी पडलेली. मग श्वास धरून, पुन्हा पुन्हा बुड्या मारून, त्यानं त्या फटीत ठोकून ठोकून काय भरलं असेल?

"कापूस," जावईबापू म्हणाले.

टेबलावर जी शांतता पसरली ती कापसाच्या भावाची चढउतार ऐकल्यावर पसरते तशी नव्हती. ही अभिमानाची होती. ज्या कापसापायी आमच्या तीन पिढ्यांनी सोसायटीचे उंबरे झिजवले, त्यानं जगप्रदक्षिणा तारली होती. सौ. म्हणाली, "आपल्याकडं माळवदावर दोन गोण्या पडून आहेत." इथं होडीचा प्रस्ताव एकमतानं मंजूर झाला.

‘सुहाइली’चं पुढं काय झालं, तेही सांगून टाकतो, कारण आमच्या कामाला तेच उपयोगी पडलं. म्हातारपणी तिला मान म्हणून ग्रिनिचच्या मोठ्या संग्रहालयात ठेवली. छप्पर, काच, बेताची कोरडी हवा. आणि तिथं ती वाळायला लागली. ज्या फळ्यांनी दक्षिण महासागराच्या लाटा खाल्ल्या, त्या संग्रहालयाच्या हवेत आकसू लागल्या. मालकाला ते बघवेना. २००२ मध्ये त्यानं तिला तिथून बाहेर काढलं आणि पुढं स्वतःच्या हातानं दुरुस्त करून पुन्हा पाण्यात घातली. विलायतेतल्या तज्ज्ञांना हे कळायला एवढा घोळ का झाला असेल, ते अण्णांना समजेना. उन्हाळ्यात बैलगाडीचं चाक वाळलं, आरे तुंब्यात खुळखुळायला लागले, धाव ढिली झाली की चाक काढून नदीच्या डोहात टाकतात. रात्रभर पाणी पिऊन लाकूड फुगतं आणि सकाळी चाक घट्ट होतं. हे बीड जिल्ह्यात पोराटोरांनाही माहीत आहे. आमच्याकडं पाणी नाही, पण पाणी नसलं की लाकडाचं काय होतं, या विषयात आमचा हात धरणारा जगात कुणी नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही रेवदंड्याला उतरलो. अण्णा, वहिनी, सौ., लेक-जावई, पोलीस भरतीची तयारी करणारा पुतण्या, आणि वयानं सगळ्यांत वडील अशा आमच्या आत्याबाई. सोबत हत्यारांची पेटी, कापसाच्या गोण्या आणि महिनाभर पुरेल इतकं ज्वारीचं पीठ, कारण "तिकडं निव्वळ भात खातात" ही बातमी वहिनींनी आधीच काढली होती. गावात आमची बोली ऐकून कुणी चमकलं नाही. खाडीपलीकडच्या कोर्लईत अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे लोक आहेत. तिथं बीडच्या ‘कामून’ आणि ‘लई’ची काय मातब्बरी?

चमकले ते आम्ही आलो कशासाठी, हे कळल्यावर. होडीभोवती बघ्यांचं कोंडाळं जमलं. एक म्हातारा तांडेल विडी पेटवत म्हणाला, "बीडचे सुतार होडी दुरुस्त करणार? तुमच्याकडं होड्या असतात?"

खरं तर गप्प बसायचं. पण मास्तराला प्रश्न विचारून कुणी सुखानं गेलेलं नाही. मी त्यांना अजिंठा सांगितला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आमच्या मराठवाड्यात, दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज रंगवलेलं आहे. २०२५ च्या मे महिन्यात नौदलानं कारवारला ‘कौंडिण्य’ नावाचं जहाज ताफ्यात घेतलं. फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीनं शिवलेलं, जुन्या पद्धतीचं. तसल्या जहाजाचा नकाशा कुठंच उरला नव्हता. मग नमुना कुठून घेतला? अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून. एवढी मोठी किनारपट्टी असून जहाज कसं असतं ते बघायला डोंगर चढून मराठवाड्यात यावं लागलं! आणि त्या चित्रात जहाजावर मडक्यांची रांग मांडलेली आहे. माझं स्वतःचं मत असं, की चित्रकार नक्की आमच्याकडचा असणार. चहूबाजूंनी समुद्र असला तरी आधी पाणी भरून ठेवलंय.

तांडेलानं विडी विझवली आणि अण्णांना चहा मागवला.

काम जावईबापूंच्या वडिलांच्या, म्हणजे आमच्या व्याह्यांच्या देखरेखीखाली सुरू झालं. व्याही आणि अण्णा दोघंही कमी बोलणारे. पहिले दोन दिवस ते होडीच्या दोन बाजूंना बसून फक्त लाकडावर टिचक्या मारत होते. जिथं आवाज भदभद येईल तिथं खडूची फुली. मग कुजलेल्या फळ्या काढल्या, दोन वाका बदलल्या. वाक म्हणजे होडीची बरगडी. ती सरळ लाकूड वाकवून करण्यापेक्षा मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड हुडकून कापली तर टिकते, असं व्याही म्हणाले. अण्णांचे डोळे चमकले. आयुष्यभर वाकड्या बाभळीतून सरळ गाडी काढणाऱ्या माणसाला वाकड्या लाकडाला मान असलेलं काम पहिल्यांदाच मिळालं होतं.

शिवणी भरणं हे मात्र कुटुंबाचं काम झालं. कापसाचा सैल पीळ वळायचा, तो बोथट पटाशीनं फटीत दाबत न्यायचा, वरून लाकडी हातोडीनं एका लयीत ठोकायचा, मग राळ आणि तेल कढवून वरून लिंपायचं. जास्त ठोकला तर उद्या फळी फुगल्यावर खिळे उपटेल, कमी ठोकला तर गळेल. आत्याबाईंचा पीळ सगळ्यांत एकसारखा निघाला. आयुष्यभर देवासाठी वाती वळल्या होत्या. त्या पीळ वळत होत्या आणि तोंडानं अभंग चालू होता, म्हणून त्या बाजूच्या शिवणीला आम्ही माळकरी बाजू म्हणायचो. एक अडचण आली. सौ.नं घाईत भरलेल्या गोणीतला कापूस सरकीसकट निघाला. सरकी वेचायला पुतण्याला बसवलं. धावण्याचा सराव बुडाला म्हणून तो दिवसभर फुरंगटून होता. शिडाला वहिनींनी ठिगळं लावली. धावदोरा गोधडीचा, कड दुहेरी. व्याही म्हणाले, शीड फाटेल पण ठिगळ फाटणार नाही.

उतरवण्याचा दिवस भरती बघून धरला. आदल्या रात्री अण्णांनी होडीत ओली बारदानं अंथरली. सांगायला गेले तर व्याही स्वतःच बारदानं घेऊन उभे. दोघं एकमेकांकडं बघून पहिल्यांदा मोकळं हसले. सकाळी पूजा, नारळ, आणि "हैय्या हो" करत ती सागाची म्हातारी पाण्यात गेली.

आणि गळायला लागली. एका ठिकाणाहून नव्हे, सगळीकडून. तळाला बघता बघता घोट्याएवढं पाणी. आमचा सगळा गोट घाबरला. जावईबापू मात्र खांद्यावर टॉवेल टाकून निवांत. "पिऊ द्या तिला," म्हणाले. "फळ्या फुगेपर्यंत असंच चालणार. तोवर उपसत राहायचं."

सौ.ला बादली दिली. तिनं ती भरली, उचलली, आणि काठाशी येऊन थांबली.

"हे कुठं ओतू?"

"समुद्रात, आई!" लेक ओरडली.

भरलेली बादली अशी ओतून द्यायला तिचा हात होईना. ज्या बाईनं २०१६ चा उन्हाळा टँकरच्या पाळ्या लावून काढला, शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं टीव्हीवर बघून "नशीबवान आहेत" असं म्हटलं, तिला बादलीभर पाणी फेकून द्या म्हणणं म्हणजे भाकरी उकिरड्यावर टाक म्हणण्यासारखंच. तिनं इकडंतिकडं बघितलं. काठावर एक रोप होतं. तिथं ओतायला निघाली. व्याह्यांनी धावत जाऊन अडवलं, "ताई, खारं आहे, मरेल ते!" शेवटी तिनं डोळे मिटून बादली समुद्रात रिकामी केली. त्यानंतर मात्र तिला जी गोडी लागली ती लागली. दुपारपर्यंत कुणाला बादलीला हात लावू दिला नाही. आयुष्यभराचं उट्टं काढलं. दुसऱ्या दिवशी गळती थेंबांवर आली, तर ती थोडी नाराजच दिसली.

मग शीड चढलं. खाडीत वारा भरला, होडी एका कुशीवर झुकली आणि पुतण्यानं दोन्ही हातांनी डोलकाठीला मिठी मारली. दोन मिनिटांत त्याची सोळाशे मीटर धावणारी छाती होडीच्या काठावरून बाहेर लोंबकळत होती. आत्याबाई त्याच्याशेजारी मांडी घालून धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी खात होत्या. त्यांनी त्यालाही विचारलं, बिचाऱ्यानं मानसुद्धा वर केली नाही.

सुकाणू काही वेळ अण्णांच्या हातात दिलं. वारा समोरून होता आणि जायचं होतं कोर्लईच्या किल्ल्याच्या बाजूला. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं, नागमोडी जावं लागतं. वळण घेताना जावईबापू "वळवा!" ओरडत आणि अण्णांच्या तोंडून सवयीनं "हॉ... हॉ... वळ रं राजा" निघे. होडी वळायची. व्याही म्हणाले, आमच्या बोलण्याला इतकी चटकन ऐकत नाही. वहिनींचा मात्र या नागमोडीवर शेवटपर्यंत आक्षेप राहिला. "किल्ला समोर दिसतोय, मग आडवंतिडवं कशाला हिंडायचं? इतकं फिरून जायचं तर बस होती."

आम्ही सुट्टी संपली तसे परत आलो. अण्णा आले नाहीत. "चार दिवस थांबतो" म्हणाले, आणि त्या चार दिवसांना आता नारळी पौर्णिमा ओलांडायची वेळ आली आहे. तिथं जुन्या लाकडी होड्यांचे मालक त्यांच्याकडं येऊ लागलेत म्हणे. ‘बीडचे मिस्त्री’ हे नाव पडलंय. गावाकडंही आमची कीर्ती पसरली. परवा एक बागायतदार येऊन विचारून गेला, माझं शेततळं तीस बाय तीस मीटर आहे, त्यात शिडाची होडी बसेल का, आणि बसली तर अनुदान कोणत्या खात्यातून मिळेल. वारा बघायला मी एकदा जाऊन आलो. वारा उत्तम आहे. तळ्यात प्लास्टिकचा कागद आहे, पाणी नाही.

काल अण्णांचा फोन आला. म्हणाले, "पाच किलो कापूस पाठव. पण पिंजून पाठव. सरकीसकट नको, इथं म्हशी नाहीत खायला." मी हो म्हणणार इतक्यात वहिनींनी फोन हिसकावून घेतला.

"कापूस एकटा येणार नाही," त्या म्हणाल्या, "मी घेऊनच येते. आणि मला जागा पुढच्या अंगाला ठेवा. मागं बसलं की तुमचं ते सुकाणू गुडघ्याला लागतं."